शिकलेल्यांची गुंडगिरी

पवईची आय. आय. टी. १९५८ साली स्थापन झाली, ती युनेस्को आणि सोव्हिएत रशिया यांच्या साहाय्याने. तंत्रविज्ञान शिकलेला तरुण जुन्या रूढींच्या बेड्या तोडील, अशी त्या काळच्या धुरीणांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेचा हिशेब आज मांडला पाहिजे.

१ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर सुमारे १०० मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना ‘लिलावा’स मांडण्यात आली. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबईच्या सायबर पोलिसांनी प्रथम पकडला तो बंगळुरूचा २१ वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. ॲप तयार केल्याचा आरोप दिल्ली पोलिसांनी ज्याच्यावर ठेवला, तोही अभियांत्रिकीचाच विद्यार्थी. आरोपींत एक तरुणीही होती. हे कोणी पवईचे नव्हेत. पण ज्या विद्येवर पवईने श्रद्धा ठेवली, तीच विद्या यांतले काही शिकत होते.

तोंड लपविता येते म्हणून माणूस चेकाळतो, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. मुखवटा सर्वांनाच मिळतो. मग बोलणाऱ्या स्त्रीवरच दगड का पडतो? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टीने ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली ट्विटे तपासली. दर सातांतील एक आक्षेपार्ह वा शिवीगाळीचे निघाले. धर्म आणि वंश यांवरून दिलेल्या शिव्या मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला इतरांच्या जवळपास दुप्पट आल्या.

तेव्हा येथे मनोविकार शोधण्याआधी हितसंबंध शोधावेत. शिवी देणाऱ्यास टोळीची वाहवा मिळते. टोळीच्या पुढाऱ्यास विरोधकाचे मौन मिळते. कंपनीस गर्दी मिळते, आणि गर्दीपाठोपाठ जाहिरातींचा पैसा. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकावयास चिथावणारे पुण्याचे सनातनीही विद्येचेच मक्तेदार होते!

म्हणून केवळ पोलिसांवर भिस्त ठेवून चालणार नाही. तक्रार नोंदवावयास निघालेल्या स्त्रीबरोबर आपल्या शाखेचे कार्यकर्ते ठाण्यात उभे राहिले पाहिजेत. या कंपन्यांना उत्तरदायी ठरविणाऱ्या कायद्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि प्रतिपक्षाच्या स्त्रीच्या चारित्र्यावर चिखल उडविणारा आपल्याच रांगेत आढळला, तर त्याला पक्षाबाहेरची वाट दाखविली पाहिजे. एवढी शिस्त आपण पाळली नाही, तर इतरांना जाब विचारण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.