न बोलणाऱ्यांचा श्वास

पुण्याहून निघाल्यावर नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ येते. येथून पुणे सुमारे ५० किलोमीटर. साताऱ्याला जायचे तर मध्ये खंबाटकीचा घाट. एखादे तान्हे मूल रात्री धापा टाकू लागले, तर घरच्यांना पहिला निर्णय दिशेचा घ्यावा लागतो. त्यानंतरचे निर्णय बहुधा त्यांच्या हाती राहत नाहीत. अतिदक्षता विभागाचे दार लागते आणि आईच्या वाट्याला काचेपलीकडचा पडदा येतो: सरकणारी हिरवी रेघ, दोन-तीन आकडे, मधूनच वाजणारी घंटा. त्या आकड्यांचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नसतो. तरी रात्रभर ती तेच वाचत बसते.

याच शिरवळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्यांना आपला रुग्ण ‘इथे दुखते’ असे सांगणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. जनावराचे कान चाचपायचे, कूस किती वेगाने हलते ते पाहायचे, रवंथ थांबली आहे का ते विचारायचे. तान्ह्या मुलाचे वैद्यकही बरेचसे असेच आहे. ज्याला भाषा नाही त्याचे शरीर वाचावे लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे वळावे, असे मला वाटते ते याचसाठी. कारण वाचन म्हणजे काय, हाच येथे मूळ प्रश्न आहे.

अंगावर घालायच्या नव्या संवेदकांविषयी सध्या बरेच बोलले जाते. २०१९ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बालकांसाठी कातडीसारख्या लवचीक, बिनतारी पट्ट्या तयार केल्याचे प्रसिद्ध केले. एक पट्टी छातीवर, दुसरी पावलावर. हृदयाचे ठोके, श्वसन, तापमान आणि रक्तातील प्राणवायू त्यांवरून कळतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की नेहमीच्या चिकटपट्ट्या काढताना ती सोलवटते. शिवाय तारांच्या जाळ्यात गुंतलेले मूल उचलून घेणे आईला अवघड जाते. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात पुढे आली आणि आज जगभर मान्य झाली आहे. तारा गेल्या तर ती जवळीक सोपी होईल. या यंत्रांचे स्वागत मी करतो ते एवढ्याचसाठी, आणि हे कारण मला पुरेसे वाटते.

मात्र त्यांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो, तो मला धोक्याचा वाटतो: सगळी मुले एका पडद्यावर दिसू लागली की माणसे कमी लागतील. मराठीत ‘पाळत’ आणि ‘राखण’ असे दोन शब्द आहेत. पाळत लांबूनही ठेवता येते. राखण करणाऱ्याला मात्र जागावे लागते आणि वेळ आली की धावावे लागते. बुजगावणेही शेतात रात्रभर उभेच असते. पण त्याला कोणी राखणदार म्हणत नाही.

महाराष्ट्रातच याचे एक उत्तम उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांतील न्यूमोनियावर काम सुरू केले, तेव्हा गावातल्या अनेक सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे श्वासमोजणी यंत्र तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. यातली कल्पकता उघडच आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की मोजणारीच मुलाजवळ बसलेली होती आणि औषध देण्याचे शिक्षणही तिलाच मिळाले होते. आकडा आणि त्याचे उत्तर यांत अंतर नव्हते.

ते अंतर पडले की काय होते, हे ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याने पाहिले. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. ७ वाचवता आली. पुढे चौकशी झाली, डॉक्टर व परिचारिकांवर कारवाई झाली. एखाद्या परिचारिकेला दोषी ठरवणे सोपे असते. एका कक्षात रात्री किती माणसे हवीत आणि धोक्याची सूचना कोणापर्यंत पोचायला हवी, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. अंगावरची पट्टी बाळाचा श्वास मोजील, पण बाळाला उचलून बाहेर धावणार नाही.

आकडा निरपेक्ष असतो, ही समजूतही तपासून पाहावी. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याच्या यंत्राचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. काळ्या वर्णाच्या प्रौढ रुग्णांत हे यंत्र खऱ्यापेक्षा अधिक प्राणवायू दाखवण्याची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत जास्त असते, असे २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. आकड्यालाही म्हणजे स्वतःचा दृष्टिकोन असतो. तेव्हा नवी पट्टी आपल्या मुलांच्या सावळ्या त्वचेवर तपासली गेली आहे का, हे विचारायलाच हवे. घंटा वारंवार विनाकारण वाजू लागली की जागणाऱ्याचेही कान बधिर होतात, हाही अनुभव अतिदक्षता विभागांत नवा नाही.

२००४ सालचा ‘श्वास’ हा मराठी चित्रपट वाचकांच्या स्मरणात असेल. डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाला त्याचे आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयाबाहेर घेऊन जातात, कारण त्यानंतर त्याला जग दिसणार नसते. रुग्णालयाच्या हिशेबात तेवढ्या वेळात मूल ‘हरवलेले’ असते. आणि आजोबांच्या लेखी ते कधी नव्हे इतके सांभाळलेले असते. दोन्ही हिशेब आपापल्या जागी खरे आहेत. चांगले तंत्रज्ञान त्यांच्यातला विरोध थोडा कमी करू शकते.

म्हणून साताऱ्यात असो वा पुण्यात, अशी यंत्रे विकत घेताना दोन प्रश्न विचारले जावेत. यामुळे मूल आईच्या कुशीत अधिक वेळ राहील का? आणि रात्री तीन वाजता घंटा वाजली, तर उठणारे माणूस कोण? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एखाद्या माणसाचे नाव सांगता येत नसेल, तर खरेदी थांबवावी आणि आधी परिचारिकांची रिकामी पदे भरावीत.