बजेट शून्य, चपला दोन

मावसभावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एक्सेल शीट बडवत होतो. 'दादा, माझ्या फिल्मला म्युझिक देशील? बजेट शून्य आहे.' कॉलेजची शेवटच्या वर्षाची फिल्म, बारा मिनिटांची थ्रिलर. एकटा राहणारा पोरगा रात्री फ्लॅटवर येतो, तर दाराशी अनोळखी चपला. बस्स! माझा कीबोर्ड नोकरी लागल्यापासून माळ्यावर पडलेला. हो म्हणून टाकलं.

थ्रिलर म्हटल्यावर तुम्हाला आठवेल तेच मलाही आठवलं. 'सायको', १९६०. त्यातल्या बाथरूमच्या सीनला हिचकॉकला म्युझिकच नको होतं. बर्नार्ड हरमननं तरी ते केलं, निव्वळ तंतुवाद्यांवर, आणि साहेबांना पटलं. मग काय, मीही सॉफ्टवेअरमधली व्हायोलिन्स घेतली. सेकंदाला २४ फ्रेम्स, चपला दिसतात त्याच फ्रेमवर बरोब्बर किंचाळी. चाळीस सेकंदांसाठी तीन रात्री गेल्या. सकाळच्या मीटिंगला डोळे लाल, बॉसला भलताच संशय.

भाऊ ऐकून म्हणाला, 'भारीये दादा. पण काहीतरी होणार हे आधीच कळतं ना यातून.'

डोकंच फिरलं. त्यात तो बरोबर होता, हे जास्त लागलं.

बाबांची पेटी कॉटखाली होती. ते गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, कुणी उघडली नव्हती. आईला विचारलं तर 'काढ की' म्हणाली आणि आत निघून गेली. एकही पट्टी न दाबता भाता हलवला. आतून हवा सुटली, हुस्स... कुणीतरी श्वास घेतल्यासारखी. रात्री दोनला, कुकर आणि रिक्षा झोपल्यावर, डोक्यावर गोधडी घेऊन ते रेकॉर्ड केलं. मग वेग निम्मा केला. निम्म्या वेगाला आवाज एक सप्तक खाली जातो, तसा तो श्वास पार माणसाचा राहिला नाही. व्हायोलिन्स सगळी डिलीट. (एक कॉपी ठेवलीये, खोटं कशाला बोलू!)

कॉलेजात स्क्रीनिंगला आई आली होती. चपला दिसल्या, हॉल चिडीचूप. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. सीन संपल्यावर कानात म्हणाली, 'ह्यांच्या भात्याला भोक पडलंय ना रे? दुरुस्त करून आण.'

पुढच्या आठवड्यात टाकतो म्हटलं. अजून टाकलेली नाही.