बी.एस्सी.चाही उत्पादन खर्च काढा



कापसाचा, उसाचा, कांद्याचा उत्पादन खर्च कसा काढायचा हे आपल्या कार्यकर्त्याला आता शिकवावे लागत नाही. बियाण्यापासून बाजार समितीतल्या हमालीपर्यंत सगळे आकडे तोंडपाठ असतात. पण त्याच घरात पोराच्या शिक्षणावर तीन-चार वर्षे पैसा जातो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. काय शिकतोय विचारले तर 'सायन्स'. सायन्समध्ये काय, तर 'बायलॉजी घेतलंय'. पुढे काय, तर बाप आभाळाकडे बघतो.

बायलॉजी घेतलेल्या पोराकडे घर एकाच नजरेने बघते, डॉक्टर! मग लातूर, नाहीतर थेट कोटा. क्लासची फी, खोलीभाडे, मेस. एका वर्षात नाही जमले तर दुसऱ्या वर्षी 'रिपीटर'. त्यासाठी एखादी म्हैस जाते, कधी एकर-अर्धा एकर गहाण पडते. २०२४ साली नीटला तेवीस लाखांहून जास्त पोरे बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यातल्याही निम्म्याच्या आसपास जागा खाजगी कॉलेजांच्या, म्हणजे आपल्यासाठी नसल्यातच जमा. बाजारात एवढी आवक असताना आपण माल नेला असता का?

नीट झाली की उरलेली पोरे जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला ढकलली जातात. खळ्यावरचे धान्य भरून झाले की मातेरे गोळा करतात, तशी ही पदवी. पोरगा पहिल्या दिवसापासून मान खाली घालून वर्गात बसतो. आणि मुलीला बी.एस्सी.ला घालतात ते पुष्कळदा लग्न जमेपर्यंतचा थांबा म्हणून, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

आमचे म्हणणे असे की पदवी वाईट नाही. बिनहिशेबाने घेतलेली पदवी वाईट.

जीवशास्त्राने शेतकऱ्याला काय दिले ते आधी बघा. आज आपण ऊस लावतो त्या जातींचे मूळ कोइमतूरला आहे. १९१२ साली तिथे ऊस पैदास केंद्र निघाले. बार्बर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी वेंकटरमण यांनी गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर केला. १९१८ साली त्यातून को २०५ ही जात आली. पुण्याचे आघारकर संशोधन संस्थान कृषी विद्यापीठ नाही, तरी सोयाबीन आणि गव्हाच्या 'एमएसीएस' नावाच्या जाती तिथल्याच. स्वामिनाथनांची पहिली पदवी प्राणिशास्त्राची होती. शेतीची पदवी त्यांनी नंतर घेतली.

आणि कीड. २००८ साली पपईवरचा पिठ्या ढेकूण कोइमतूरकडे दिसला आणि पुढे आपल्याकडेही बागा पांढऱ्या झाल्या. औषधे मारून मारून लोक थकले. २०१० साली बेंगळुरूच्या संस्थेने पोर्तो रिकोतून एक बारीकशी परोपजीवी माशी आणून सोडली, आणि ज्याला टँकरभर औषधाने जमले नाही ते तिने केले. हे काम कोणाचे? ढेकणाची नेमकी जात ओळखणाऱ्याचे, त्याचा शत्रू त्याच्या मूळ मुलुखात शोधणाऱ्याचे. २०१८ च्या मे महिन्यात शिवमोग्याच्या मक्यात अमेरिकन लष्करी अळी सापडली, त्याच वर्षी ती आपल्याकडे आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके. एवढे बघता आले तर पहिल्या आठवड्यात अळी ओळखू येते, नाही आले तर दुकानदार देईल ते मारायचे. यवतमाळला २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला होता. काउंटरवर उभा असलेला माणूस काय शिकलेला आहे, हा आपल्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

तिथेच पहिला दरवाजा आहे. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला २०१५ पासून शिक्षणाची अट आली. कृषी पदवीधर चालतो, तसा बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, किंवा वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र घेतलेला बी.एस्सी.ही चालतो. गावातल्या बी.एस्सी. झालेल्या किती पोरांना हे माहीत आहे? आम्ही बैठकीत विचारतो तेव्हा दोन हात वर येतात, त्यातला एक दुकानदाराच्या पोराचा.

आता विषय निवडण्याचे बघा. इथे चूक झाली की तीन वर्षांनी कळते. अन्नसुरक्षा अधिकारी व्हायचे तर मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजीची पदवी चालते. नुसत्या वनस्पतिशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राची चालत नाही. भारतीय वनसेवेचे नेमके उलटे. तिथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र चालते, पण नुसत्या मायक्रोबायोलॉजीवाल्याला फॉर्म भरता येत नाही. आणि शेतकऱ्याच्या पोराला सगळ्यात आधी सुचते ती कृषी खात्याची नोकरी. कृषी सेवक, कृषी अधिकारी या जागा कृषी शिक्षणवाल्यांच्या आहेत, वनस्पतिशास्त्राची पदवी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. ज्याला त्या खात्यातच जायचे आहे त्याने बारावीलाच एमएचटी-सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांकडे वळावे. आम्ही कृषी विद्यापीठातलेच, पण आमच्या विद्यापीठाची जाहिरात म्हणून हे सांगत नाही.

संशोधनाची आवड असलेल्या पोराला वाटेल त्या कॉलेजात कोंबू नका. पुण्याला २००६ पासून आयसर आहे, पाच वर्षांचे बीएस-एमएस. त्याच्या परीक्षेत साठ प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी, गणित प्रत्येकी पंधरा. म्हणजे अकरावीला 'गणित सुटले एकदाचे' म्हणून नाचणाऱ्याने बायलॉजीच्याच घरात शिरताना पंधरा प्रश्नांवर पाणी सोडले. पुढे पिकांच्या चाचण्या घ्या की जनुकांचे आकडे, सांख्यिकीशिवाय पान हलत नाही.

नव्या धोरणाने पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची घेता येते. चौथे वर्ष कशासाठी, हे ठरवूनच घ्यावे. संशोधनाकडे जायचे असेल तर त्याला अर्थ आहे, पुढची एम.एस्सी. मग एका वर्षात होते. नोकरी धरायची असेल तर ते वर्ष अंगावर घेऊ नये. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा आहे. तिचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. जूनमध्ये पदवीचा निकाल हातात घेऊन चौकशीला निघालेल्याचे ते वर्ष गेलेच.

मास्तरकीचे थोडक्यात सांगतो. बी.एड., टीईटी, मग शिक्षक भरतीची परीक्षा, मग वाट बघणे. सीनियर कॉलेजला नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. खाजगी संस्थेत 'भरावे' किती लागतात ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. ज्याला शिकवण्याची खरीच ओढ आहे त्याने जावे.

कॉलेजेही यात कमी नाहीत. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद आणि पोरे मागच्या वर्षीचे जर्नल उतरवून काढतात, असे प्रॅक्टिकल आम्ही बघितले आहे. आता अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग घातले आहे. त्याचा शिक्का कुठूनही मिळतो. तसा घेऊ नका. साखर कारखान्याची प्रयोगशाळा, डिस्टिलरी, दूध संघ, द्राक्ष निर्यातीची रेसिड्यू लॅब, केळीच्या टिश्यू कल्चरचे युनिट, कृषी विज्ञान केंद्र, यांतले काही ना काही प्रत्येक जिल्ह्यात आहे. तिथे पोराला दोन महिने राबू द्या. कारखान्याचे आणि संघाचे संचालक आपल्याच मतांवर निवडून येतात. त्यांच्याकडे उसाच्या बिलासाठी जातो तसे यासाठीही जायला हरकत नाही.

हिशेब असा मांडा. फी, खोली, मेस, एसटीचा पास, पुस्तके. त्यात पोराने घरी काम केले असते तर वाचली असती ती मजुरी. रिपीटरचे वर्ष असेल तर तेही. हा झाला खर्च. समोर लिहा, या पदवीवर कोणत्या तीन जागांचा फॉर्म भरता येतो. तीन नावे लिहिता आली नाहीत तर प्रवेश घेण्याआधी विषय बदला.

तालुकाप्रमुखांनी बारावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात गावोगाव एक बैठक ठेवावी, पोरे आणि पोरी दोघांनाही बोलवावे, आणि येताना गुणपत्रक व अकरावीला घेतलेल्या विषयांची यादी आणायला सांगावी. आमच्यापैकी कोणी ना कोणी प्रत्येक बैठकीला येईल.