ताटातली रेती आणि टॅबची काच

शिरपूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत चार वर्षांची मुलगी टॅबच्या काचेवर 'अ' गिरवत होती. बोट ठिपक्यांवरून गेलं की टाळ्या वाजायच्या. आडवंतिडवं गेलं तरी वाजायच्या. मग अननसाचं चित्र आलं. तिनं मान वर करून विचारलं, "हाई काय शे?" टॅब 'अ अननसाचा' म्हणत राहिला. सेविका मान खाली घालून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मुलांची वजनं भरत होती.

बालवर्गात टॅब हवा म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढत नाही. शहरातल्या मुलाच्या हातात आहे ते साक्री-चोपड्याच्या मुलाला का नको, हा त्यांचा सवाल रास्त आहे. याच धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांनी गावोगाव फिरून लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल केल्या. गावानं आपल्या शाळेसाठी खिशात हात घातला, ही मोठीच कमाई. पण त्या प्राथमिक शाळा. चौथीतल्या मुलाच्या कामी आलेलं साधन साडेतीन वर्षांच्या मुलाच्याही कामी येईल, हे त्यावरून ठरत नाही.

टॅबवर अक्षरओळख लवकर होते म्हणतात. होत असेल. पण 2012 साली कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हातानं काढली, काही गिरवली, काही कळ दाबून उमटवली. मग स्कॅन घेतले, तेव्हा मेंदूतले वाचनाचे भाग जागे झाले ते हातानं काढलेल्या अक्षरांना. हातानं काढलेलं अक्षर दर वेळी वेगळं, वाकडं येतं. त्या वाकडेपणातूनच मूल अक्षराचा खरा आकार ओळखायला शिकतं, असं त्या म्हणतात. म्हणजे आपलं पाटीवरचं गिरवणंही तपासायला हवं, नुसती काच नव्हे.

सेविकेला वेळ नाही म्हणून टॅब द्या, हा युक्तिवाद मात्र मला संताप आणतो. तिचा वेळ खाल्ला कुणी? नोंदी भरायच्या मोबाइलनंच. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले: फोन निकृष्ट, ॲप इंग्रजीत. एका यंत्रानं सेविकेला मुलांपासून तोडलं, आता दुसरं यंत्र तिच्या जागी बसवायचं?

अक्षराआधी बोलणं हवं, आणि बोलण्याला उत्तर देणारं माणूस हवं. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना अक्षर येत नव्हतं, तरी त्यांच्या तोंडी केवढी भाषा होती! आमच्या अंगणवाडीत येणारं मूलही अहिराणी, पावरी, भिली घेऊन येतं. तेच त्याचं भांडवल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. पानं, बिया, शिंपले हीच त्यांची साधनं. जळगावात 'क' केळीचा, कापसाचा म्हणायला काय लागतं? गोष्ट आधी पावरीत होऊ द्या, मग मराठीत. टॅब द्यायचाच तर सेविकेला द्या. पाड्यावरच्या आजीची गोष्ट त्यात भरून ठेवता येईल. आणि वजनं भरायला दुसरं माणूस नेमा.

निघताना पाहिलं, मदतनीस मावशींनी ताटात बारीक रेती पसरली होती. तीच मुलगी बोटानं 'क' काढत होती. गाठ उलट्या बाजूला गेली. मावशींनी ताट हलवून रेती सारखी केली आणि तिच्यापुढे सरकवलं.