जुना वायरलेस संच आणि अचौर्याचे व्रत

आमच्या परिचयातील एका शाळेच्या परिवहन समितीपुढे अलीकडे एक प्रस्ताव आला. समाजातील एका उदार गृहस्थांचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. गाड्यांवर आता मोबाइल आणि जीपीएस आल्याने त्यांचे जुने वायरलेस संच अडगळीत पडले होते. ते शाळेच्या बसगाड्यांना विनामूल्य द्यावेत, असा त्यांचा मानस होता. चालू स्थितीतील वस्तू टाकून न देता तिचा उपयोग करावा आणि नवीन खरेदी टाळावी, हे अपरिग्रहाला धरूनच आहे. मीही मनोमन होकार दिला होता. परंतु घरी परतल्यावर एक प्रश्न मनात घोळत राहिला. तोच आज श्रावक-श्राविकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम गरजेविषयी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले. पाऊस पहाटे आला, शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि मुले घरीच राहिली. तोच पाऊस दुपारी शाळा सुटताना आला असता तर? नरेंद्रनगरचा भुयारी मार्ग किंवा लोहापूल पाण्याने भरला आहे, हे रस्त्यावरील प्रत्येक बसला कोणी आणि कसे कळविले असते? वीस बसगाड्यांना एकेक करून फोन लावण्यात अर्धा तास जातो, आणि अशा वेळी मोबाइलचे जाळेही हमखास गजबजलेले असते. वायरलेसवर मात्र एकदा बोललेले सर्व गाड्यांना एकाच वेळी ऐकू जाते. म्हणून कल्पना वावगी नाही.

प्रश्न आहे तो निराळाच. संच दान मिळाला, पण ज्या लहरींवरून तो बोलणार त्या कोणी दिल्या? आकाशातील या लहरी कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या राष्ट्राची सामायिक संपत्ती आहेत आणि त्यांचे वाटप केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग करतो. १९३३ च्या बिनतारी संदेशविषयक कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार अधिनियमापर्यंत सूत्र एकच आहे : परवानगीवाचून वापर नाही. त्या गृहस्थांच्या व्यवसायाला मिळालेला परवाना त्यांच्या व्यवसायापुरताच होता. संच हस्तांतरित झाला म्हणून परवाना शाळेकडे येत नाही.

येथे आपल्याला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाची आठवण व्हावी. आचार्य उमास्वामींनी अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत चोरीचा माल घेणे आणि खोटे माप वापरणे यांच्याच पंक्तीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ ठेवला आहे, म्हणजे राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, मग ते सोने असो वा अदृश्य लहर. आणि हा दोष केवळ कागदावरचा नाही. एकाच लहरीवर दोघे एकाच वेळी बोलले की दुबळा आवाज दडपला जातो. जुन्या संचात भरलेली लहर आज एखाद्या रुग्णवाहिकेची वा अग्निशमन दलाची असेल, तर आपल्या सोयीपायी कोणाचा तरी धावा अर्ध्यावर तुटेल. अचौर्याचा भंग अशा रीतीने हिंसेपाशी जाऊन पोहोचतो.

‘बाजारात तर वॉकीटॉकी सर्रास मिळतात’ असे कोणी म्हणेल. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच अवैध विक्रीवरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचांना १३ नोटिसा बजावल्या, हे ध्यानी घ्यावे. परवान्याशिवाय वापरता येतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील, मान्यताप्राप्त आणि अल्पशक्तीचे हातसंच. शाळेच्या फाटकावर मुलांना बसमध्ये चढविताना-उतरविताना ते पुरतात. शहरभर फिरणाऱ्या बसशी बोलण्याइतका त्यांचा पल्ला नसतो.

परवाना मिळाल्यावरही काही दक्षता हवी. जाणकार तंत्रज्ञाकडून जुन्या लहरी पुसून केवळ मंजूर लहरच संचात भरावी. गाडीतील बहुतेक जुने संच १२ व्होल्टचे असतात आणि मोठ्या बसची विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची. मध्ये परिवर्तक न बसविता जोडणी केल्यास संच जळेल, प्रसंगी आगही लागेल. अँटेना जोडल्याशिवाय बोलण्याची कळ दाबू नये. प्रत्येक मार्गावर प्रत्यक्ष फिरून आवाज कोठे पोहोचत नाही याची नोंद करावी. आणि बोलावे ते मदतनीस ताईंनी. चालकाचे हात सुकाणूवर आणि लक्ष रस्त्यावरच असावे. वायरलेसवर एकाच वेळी एकानेच, थोडके आणि नेमके बोलावे लागते. मुनींच्या भाषासमितीचा हा एक लहानसा पाठच म्हणावा.

जे संच दुरुस्त होणार नाहीत त्यांचे काय? जुन्या हातसंचांच्या बॅटऱ्यांत बहुधा कॅडमियम असते. ते मातीत आणि पाण्यात उतरले तर असंख्य जीवांना बाधते. टाकाऊ वस्तू जीवरहित जागी यत्नपूर्वक टाकावी, असे उत्सर्गसमिती सांगते. आजच्या काळात त्याचा अर्थ, असे साहित्य भंगारात वा कचरापेटीत न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावे.

पुढील बैठकीत मी माझा होकार मागे घेतला. दाते प्रथम किंचित दुखावले. मग म्हणाले, “संच दिले तसा परवान्याचा खर्चही माझाच.” समितीने अर्ज करण्याचे ठरविले. तोवर संच कपाटात कुलूपबंद राहतील आणि प्रत्येक बसमध्ये थांब्यांची, पालकांच्या दूरध्वनींची व पर्यायी मार्गांची छापील यादी असेल.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. आपल्या मुलांच्या शाळेत ती शेवटची केव्हा भरली, हे या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पालकाने एकदा विचारून पाहावे.

जय जिनेन्द्र.