भिंतीतले जुने देणे

अमेरिकेतील जुन्या लाकडी घरांच्या भिंती पुष्कळदा आतून पोकळ असतात. कडाक्याच्या हिवाळ्यात पैसे मोजून तापविलेली हवा या पोकळ भिंतींवाटे वाया जाते. त्यावरचा उपाय सोपा आणि जुना आहे. बाहेरच्या आवरणाला भोके पाडायची, रद्दी वर्तमानपत्रांपासून केलेला सेल्युलोजचा भुसा नळीने आत ठासून भरायचा आणि भोके बुजवायची. घर उबदार होते, इंधनाचे बिल उतरते आणि हवेत जाणारा कार्बनही घटतो. या सोप्या उपायातली मेख बाहेरच्या आवरणात दडलेली आहे.

विसाव्या शतकात, विशेषतः १९२० ते १९७० च्या दरम्यान, तिथल्या असंख्य घरांच्या भिंतींवर सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या फरशा खिळ्यांनी ठोकल्या गेल्या. तिथे या आवरणाला 'साइडिंग' म्हणतात. ते जळत नव्हते, कुजत नव्हते आणि त्याला वाळवीही लागत नव्हती. तेव्हाचे हे वरदान आज गळ्यातील लोढणे झाले आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात गेले की तिथेच रुतून बसतात. अ‍ॅस्बेस्टोसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा ही त्यांची फळे बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर असल्यामुळेच निष्काळजीपणा सहज पचून जातो.

येथे घबराट आणि बेफिकिरी या दोन्ही टोकांपासून दूर राहणे आवश्यक आहे. भिंतीवर शाबूत असलेली फरशी सहसा कोणाचे काही बिघडवत नाही. सिमेंटने तंतू घट्ट धरून ठेवलेले असतात. धोका उद्भवतो तो ती कापताना, घासताना, फोडताना किंवा तिला भोक पाडताना. इन्सुलेशनच्या कामात नेमके हेच करावे लागते. फरशीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही; प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो. तपासणी झालेली नसेल, तर ते आहे असेच मानून चालणे शहाणपणाचे.

गरीब कुटुंबांची घरे ऊबदार करण्याची संघराज्य सरकारची योजना १९७६ पासून सुरू आहे. अशा आवरणाला कधीही कापू नये वा भोक पाडू नये आणि शक्य तेथे घराच्या आतील बाजूने भरण करावे, असे तिचे मार्गदर्शन सांगते. बाहेरूनच काम करणे भाग असेल, तर फरशी ओली करून, तिचे खिळे अलगद काढून ती अखंड उतरवावी लागते. माळ्यावरची व्हर्मिक्युलाइटची जुनी भर हा दुसरा सापळा. मोंटाना राज्यातील लिबीच्या खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या या खनिजात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले होते. घराची हवाबंदी तपासण्यासाठी दारात पंखा बसवून आतली हवा बाहेर ओढतात. त्या ओढीने माळ्यावरची धूळही खोल्यांत उतरू शकते.

पद्धत ठाऊक आहे, मग अडते कुठे? कायद्यात आणि पैशात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर जवळपास संपूर्ण बंदी घातली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तिचा मोठा भाग रद्द केला. अखेर मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल या प्रकारावर बंदी आली. जून २०२५ मध्ये संस्थेने तिच्या फेरविचाराची भाषा केली आणि महिन्याभरातच ती मागे घेतली. ही सारी लढाई नव्या मालाची आहे. भिंतींत आधीच बसलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसपासूनही अवाजवी धोका संभवतो, असा निष्कर्ष याच संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढला. तरीही पाडकाम व दुरुस्तीचे संघराज्याचे नियम चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या निवासी इमारतीला सहसा लागू होत नाहीत. राज्याराज्यांचे नियम निराळे. परिणामी छोट्या घराची सुरक्षा बरीचशी मालकाच्या आणि कंत्राटदाराच्या सदसद्विवेकावर सोपविलेली आहे.

पैशाची कथा याहून विदारक. २०२३ ते २०२५ या काळात इन्सुलेशनच्या साहित्यावर ३० टक्के, वर्षाला कमाल १,२०० डॉलर, अशी करसवलत होती. मजुरी तीत धरली जात नव्हती आणि २०२५ च्या अखेरीस ही सवलतही संपली. सरकारी योजनेतही घरात असा धोका आढळला, तर काम पुढे ढकलले जाते. म्हणजे ज्याचे घर सर्वांत जीर्ण, त्यालाच दारातून परत पाठविले जाते! अशा घरांच्या पूर्वतयारीसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र निधी सुरू करावा लागला, यातच या विसंगतीची कबुली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीने वेगळा मार्ग निवडला. कॅनबेरात १९६८ ते १९७९ या काळात एका व्यावसायिकाने घरांच्या माळ्यांवर सुटे अ‍ॅस्बेस्टॉस इन्सुलेशन म्हणून भरले. पुढे ते काढण्याची मोहीम झाली, तरी भिंतींत तंतू उरलेच. अखेर २०१४ मध्ये सरकारने हजाराहून अधिक बाधित घरे विकत घेऊन पाडण्याचा निर्णय घेतला. उपाय महागडा आणि अनेक कुटुंबांना उखडणारा होता. पण समाजाने एकेकाळी मान्य केलेल्या चुकीची किंमत एकट्या घरमालकाने का मोजावी, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. 'क्लेमेन्सो' ही फ्रेंच युद्धनौका अलंगला तोडण्यासाठी येत असता २००६ मध्ये तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून गदारोळ झाला आणि ती परत बोलावली गेली. मात्र आपल्या डोक्यावरच्या सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांविषयी तसा गदारोळ कधी झाला नाही. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे ठेवाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावले होते; क्रायसोटाइलची आयात मात्र आजही सुरू आहे. उन्हाळ्याची तलखी वाढत असताना छपरांना पांढरा रंग देण्याच्या योजना स्वागतार्ह आहेत. परंतु रंगापूर्वी तो जुना पत्रा तारेच्या ब्रशने कोरडाच खरवडला, तर गारवा घरमालकाला आणि धूळ मजुराला, अशी वाटणी होईल. पत्रा ओला करणे, न घासणे, न फोडणे आणि तुकडे वेगळे बांधून ठेवणे, एवढी अट प्रत्येक अशा योजनेच्या निविदेत घालणे अशक्य नाही. ऊर्जाबचतीच्या हिशेबात आज हा खर्च धरला नाही, तर तो चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी फुफ्फुसातून वसूल होईल.