फौजीची झोप

मे २०२५ मधल्या ‘ऑपरेशन सिंदूर’ या लष्करी कारवाईनंतर माजी सैनिकांच्या सत्कारांना उधाण आलं. माझ्या मनात मात्र वर्षभर सलत राहिलं ते वेगळंच. पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ घेतलेला फौजी त्याच रात्री कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकावर बारा तासांच्या ड्युटीला उभा राहतो आणि आपल्याला त्यात काहीच खटकत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच मुलखातला जवान आज पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते समोर असतात. ‘मेजर, नाइट कराल ना?’ असं विचारलं की तो नाही म्हणत नाही. दोन तास पहारा, मग थोडा आराम, पुन्हा पहारा अशा तुकड्यांत ज्याने झोप घेतली, त्याच्या वाट्याला आपण पुन्हा रात्रच देतो.

आमच्या फाटकावर एक निवृत्त नाईक आहेत. बुटांना अजूनही रोज पॉलिश. दिवसा पत्र्याच्या खोलीत खिडकीला चादर बांधून पडतात. शेजारी कुणाची कडी वाजली तरी उठून बसतात.

पलटणीत पहाटेची शिट्टी, फॉलिन, पीटी, संध्याकाळी व्हॉलीबॉल. अंग दमायचं, तेही सोबत्यांबरोबर. झोपेचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं आणि दमलेल्या अंगाला झोप गाढ लागते. रात्रपाळीत उजेड, व्यायाम, सोबत सगळंच हातचं जातं. मग कँटीनची रम. तिने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि चिडचिड, उदासी घरात शिरते. घरचे म्हणतात, ‘फौजी आहेत, स्वभावच कडक.’ ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात तो बीपी-शुगर दाखवतो, झोपेचं बोलत नाही. कुरकुर करायची नाही, हे अंगात भिनलेलं असतं.

अशा माणसाला ‘रोज चालत जा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम हवा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं रास्तच आहे. पण रात्रभर जागून आलेल्याने तो करायचा कधी?

म्हणून सोसायट्यांच्या चिटणिसांना माझं सरळ सांगणं आहे: पुढच्या करारात आठ तासांच्या तीन पाळ्या लिहून घ्या, कुणा एकाच्या माथी कायमची रात्रपाळी मारू नका. मेंटेनन्स वाढेल, वाढू द्या. ग्रामपंचायतींनी सत्काराचा खर्च मैदानावर करावा आणि सैन्यभरतीसाठी पळणाऱ्या पोरांना तयार करायला याच फौजींना पहाटे मानधनावर बोलवावं. आणि ज्यांच्या घरात असा माणूस रात्र-रात्र जागा असतो, त्यांनी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावावा. तिथे मराठीत बोलता येतं, कोणत्याही वेळी.